बोरदांडच्या दळणाईचा दात

आधी चपला काढा, मग बघा. देऊळ शोधत फिरू नका, देऊळ नाहीच. सुकनी नदीच्या काठाला, जिथं बोरदांड संपतं, तिथं चार दगडांवर एक सपाट शिळा टाकली आहे आणि शिळेवर ती बसली आहे. विटेएवढी लांब, तपकिरी, एका अंगानं फुटलेली. तिला डोळे नाहीत, नाक नाही. शेंदूर कधी लागला नाही आणि मी जिवंत आहे तोवर लागू द्यायची नाही. वरच्या अंगाला मात्र आडव्या रेघा आहेत, एकीशेजारी एक, कालच छिन्नीनं टाकी लावलेल्या जात्यासारख्या. ही आमची दळणाई.

पाहुणे विचारतात, ही कुठल्या देवीचं रूप? मी सांगते, रूपबीप काही नाही, दात आहे. मग ते हसतात. तेवढ्यात नदीच्या पात्राकडं नजर जाते आणि हसू तोंडातच राहतं. कारण पूर ओसरून पाणी नितळलं की आमच्या गावच्या बायका, सुना, म्हाताऱ्या, सगळ्या पात्रात उतरतात, वाळूतला वेगळा दिसेल तो दगड हेरतात आणि जिभेला लावतात. लाज नाही, काही नाही. कुणाच्या तरी जिभेला दगड चिकटतो, आणि मग अख्खं पात्र दणाणतं, "धरली गं, धरली!"

हे कुठून आलं, ते सांगते. बसा. त्या शिळेला टेकू नका.

साल विचारू नका, मला ठाऊक नाही आणि जो सांगेल तो थापा मारतो. पिठाची गिरणी नव्हती, घरोघर जातं होतं, एवढं नक्की. असं सांगतात की त्या वर्षी सुकनीला असा पूर आला की पलीकडची दरड उभीच्या उभी ढासळली. पाणी उतरल्यावर गुराखी ओरडत गावात आले. दरडीतून हाडं बाहेर आली होती. एकेक हाड माणसाच्या उंचीचं. बरगड्या बैलगाडीच्या जुवाएवढ्या.

गावात भुजंगबुवा म्हणून एक देवऋषी होते. त्यांनी लांबूनच बघितलं, जवळ गेले नाहीत. लांबूनच डोळे मिटले आणि सांगितलं, हा नरभक्षक राक्षस आहे. देवानं त्याला इथं गाडला होता, नदीनं उकरला. येत्या अवसेला दिवस मावळताना उठेल. त्याच्या आत गाव उठवा.

लोक भ्याले. भिणारच. अंबाजी पाटलांनी दवंडी दिली, अवसेच्या सकाळी गाड्या हाकायच्या. नदीवरचं पाणी बंद झालं, बायका लांबच्या झऱ्यावरून हंडे आणू लागल्या. चुली मोडल्या, कणग्या रिकाम्या केल्या, जाती उपटून दारात पालथी घातली.

अशा वेळी गावात तिमा आली.

तिमा ही टाकीवाली. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की पीठ भरड पडतं, म्हणून त्याला छिन्नीनं पुन्हा खरबरीत करावं लागतं. तेच टाकी लावणं. तिमाच्या माणसांचा तोच धंदा, वर्षभर फिरती. कुणी कुठल्या गावात टाकी लावायची हे त्यांच्यात वाटून घेतलेलं. नदीच्या अलीकडची गावं तिमाची, पलीकडची तिच्या दिराची, यंकाची. दुसऱ्याच्या गावात हातोडी उचलली तर जातीत तोंड दाखवायची सोय नाही. तिमाचा नवरा लांब कुठं विहिरीच्या कामाला गेलेला. ती, तिचं गाढव आणि आठवा महिना, असा तिघांचा संसार चालत आला.

तिची आधीची दोन्ही बाळंतपणं रस्त्यात झाली होती. एक बाभळीखाली, एक भर पावसात गाढवाच्या आडोशाला. दोन्ही लेकरं राहिली नाहीत. म्हणून तिनं त्या वर्षी होळीला अंबाजी पाटलांपुढं पदर पसरला होता, मला गावठाणात आठ हात जागा द्या, माझं लेकरू छपराखाली जन्मू द्या. पाटील वाईट नव्हते. पाणी ओसरल्यावर ये, देतो म्हणाले होते. त्या एका शब्दावर ती पाऊसभर चालली होती.

वेशीत येऊन तिनं हाळी दिली, "टाकी लावाऽऽ, जात्याला पाट्याला टाकीऽऽ!"

कुणी दार उघडलं नाही. पाटलीणबाई, गोजराबाई, ओसरीवर गाठोडी बांधत होत्या. त्या म्हणाल्या, "कुणाच्या जात्याला लावतीस बाई? गाव उठलं."

"गाव उठलं तर उठलं. माझी जागा?"

अंबाजी पाटील आतून म्हणाले, "आठ हात कशाला मागतीस? सगळंच गाव घे आता. राक्षसाशी बोलून घे फक्त."

गावच नसेल तर दाई कुठली, चूल कुठली, दोन घास देणारं माणूस कुठलं? नुसतं छप्पर असून काय करायचं होतं तिला? गाढवाला तहान लागली होती. झरा लांब, नदी जवळ. ती सरळ नदीत उतरली.

गाढव पाणी पीत होतं आणि तिमा वाळूत बसली होती. तिथं तिला हा दिसला. हाच, जो तुमच्यासमोर आहे. गोट्यांत अर्धा रुतलेला, वर रेघा.

आता तुम्हा-आम्हाला काय वाटलं असतं? शंख वाटला असता, शाळिग्राम वाटला असता. तिमाला वाटली टाकी. फुटक्या जात्याचा तुकडा, आणि त्यावर कुणीतरी नवी टाकी लावलेली! माझ्या गावात! तिच्या डोक्यात जी तिडीक गेली म्हणतात, राक्षसबिक्षस सगळं विसरली. तुकडा उपसला, गाढवावर टाकला, पोटाशी हात धरून नदी ओलांडली आणि तिन्हीसांजेच्या आत पलीकडच्या गावात यंकाच्या पालापुढं जाऊन उभी राहिली.

"भावजी, बाहेर या. चोर बघायचाय मला."

यंका भाकरी खात होता, हातातली भाकरी घेऊनच बाहेर आला. तिनं तुकडा त्याच्या पायाशी आपटला. "माझ्या गावात टाकी लावता? भावजय पोटुशी हाय, फिरायची न्हाई, असं वाटलं व्हय?"

यंकानं तुकडा उचलला, फिरवला आणि त्याला राग आला तो निराळ्याच कारणानं. "वहिनी, ही टाकी माझी म्हणता? ही? असली वाकडी टाकी मी लावली असती तर बापानं हातावर हातोडी घातली असती. बघा की, एक रेघ सरळ न्हाई."

"मग कुणाची?"

"मला काय ठावं? कुणी आंधळ्यानं लावली असंल."

दोघं भांडत भांडत तुकडा बघू लागली. आणि दगडावर जन्म गेलेली माणसं ती, भांडताना तोंड चालत होतं तरी डोळे आपलं काम करत होते. यंका आधी थांबला. त्यानं फुटलेली बाजू वर केली. टाकीची रेघ वरवर असते, नखभर खोल. या रेघा फुटलेल्या बाजूनं थेट खालपर्यंत गेल्या होत्या, वहीची पानं उभी ठेवावीत तशा. छिन्नी कितीही मारा, रेघ आरपार जात नाही.

मग तिमानं हातोडीच्या दांड्यानं हलकेच वाजवलं. चांगला काळा दगड टण्ण बोलतो. हा ठक्क बोलला. पोत बघायला दगड ओला करायचा असतो, आणि टाकीवाले पाणी शोधत बसत नाहीत, जीभ लावतात. तिमानं फुटक्या बाजूला जीभ लावली.

जीभ चिकटली.

असं सांगतात की तिनं ओढली तरी सुटेना. तशीच डोळे मोठे करून, हातवारे करत यंकाला शिव्या देत राहिली, आणि यंका हसून हसून पालाच्या खुंटीवर पडला. दगड कधी जीभ धरत नाही. वाळलेली चिकणमाती धरते, पण ती थुंकीनं विरघळते. हे विरघळत नव्हतं. तिमाला आठवलं, लहानपणी माळावर पडलेलं वाळकं हाड तिनं ओठाला लावलं होतं आणि ते असंच चिकटलं होतं, आई ओरडली होती.

जीभ सोडवून ती म्हणाली, "भावजी, ह्यो दगड न्हवं. हाड हाय. दगड झालेलं हाड." मग वरच्या अंगावरून तळहात फिरवला. रेघांची टोकं झिजून चकचकीत झाली होती, कडेला खरबरीत, मध्ये गुळगुळीत. दहा वर्षं दळलेलं जातं असंच झिजतं. "आन् ह्यानं दळलंय. ही दाढ हाय."

माझी माफी मागा, असं यंका म्हणाला म्हणे. तिनं मागितली नाही. त्याची उरलेली भाकरी खाल्ली आणि तिथंच त्याच्या बायकोजवळ झोपली.

सकाळी ती बोरदांडला परतली तेव्हा गाड्या जुंपून तयार होत्या. गाव पारापाशी गोळा झालेलं. तिमा गर्दीत घुसली, गोजराबाईंच्या गाडीवरचं पालथं जातं तिनं दोघी बायकांच्या मदतीनं खाली उतरवलं, उताणं केलं आणि शेजारी हा दात ठेवला.

"बुवा, तुमचा राक्षस खायचा काय?"

"माणसं," भुजंगबुवा म्हणाले.

"माणसं खाणाऱ्याचे दात कसे असतात?" तिनं पाटलांच्या कुत्र्याचं तोंड फाकवलं. सुळे सगळ्यांनी बघितले. मग ती पाटलांच्या बैलाकडं वळली. "बाजारात बैलाचे म्होरचे दात मोजता. दोन दाती, चार दाती. मागच्या दाढा कुणी बघितल्यात का कधी?"

कुणीच बघितल्या नव्हत्या. अंबाजी पाटलांनी स्वतः बैलाची जीभ एका बाजूला ओढली आणि आत डोकावले. बराच वेळ डोकावून राहिले. मग मागं वळून म्हणाले, "आरं, रेघा हायेत की."

एकेक जण बैलाच्या तोंडात बघून आला. बैलाला एवढा मान आयुष्यात मिळाला नव्हता. रेघा लहान, पण तशाच, पाला-गवत भरडायच्या. एक म्हातारा म्हणाला, मी जत्रेत हत्तीच्या तोंडात केळं घातलंय, त्याच्या दाढा हुबेहूब अशा. कुणी विचारलं, हत्ती इथं कुठला, कधीचा? तिमा म्हणाली, "ते मला ठावं न्हाई. दाढ गवत खाणाऱ्याची हाय, एवढं दिसतंय. दिसतंय तेवढंच मी बोलते."

भुजंगबुवा गप्प बसले असते तर ते बुवा कसले. ते म्हणाले, "दाढ असेल बैलाची नाहीतर हत्तीची. ती दरडीतल्या हाडांचीच कशावरून? कुठं सापडली ती जागा दाखव."

सगळा गाव नदीवर गेला. आणि इथं तिमाची चूक उघडी पडली. रागाच्या भरात तिनं दाढ उपसली होती, खूण केली नव्हती. वाळू सगळी सारखी. इथं असेल, नाही, तिथं असेल. दरडीच्या खाली की वर, तेही तिला सांगता येईना. लोकांची तोंडं पडली. गाडीवाल्यांनी पुन्हा कासरे हातात घेतले.

तिमा वाळूत उभी राहिली. मागं हाडं, पुढं निघालेलं गाव, पोटात लेकरू. ती म्हणाली, "थांबा. दिवस मावळेपर्यंत थांबा. मी त्या हाडांपाशी जातं मांडते आणि दळते. माणसाचा वास, पिठाचा वास, दोन्ही त्याला येऊ द्या. राक्षस असला तर आधी मला खाईल, तुम्ही गाड्या हाका. न्हाई उठला तर गाड्या सोडा. आन् मी वाचले तर माझी आण हाय, माझी वा माझ्या वंशाची छिन्नी ह्या हाडांना कधी लागणार न्हाई."

पाटलांचं जातं चौघांनी दरडीपर्यंत नेलं, ठेवलं आणि चौघंही पळत माघारी आले. तिमा एकटी बसली. खुंट्याला हात घातला. आठवा महिना, एकटीनं जातं ओढायचं, खेळ नाही. घरघर सुरू झाली. गाव अलीकडच्या काठावरून बघत बसलं. तिनं म्हटलेली ओवी अजून आमच्या तोंडात आहे:

दळिते मी बाई, दळणाऱ्याच्या शेजारी
तुझा संपला रे पाला, माझी उरली जवारी

पहिली पायली निम्मी झाली आणि तिचा हात जड पडू लागला. तेव्हा गोजराबाई उठल्या. पाटील म्हणाले, "कुठं चाललीस?" त्या म्हणाल्या, "पोटुशी बाई माझ्या जात्यावर एकटी दळतीय आन् मी बघत बसू? राक्षस खाईल तर खाऊ दे, पण उद्या मला बायका खातील." लुगडं खोचून त्या पाण्यातून पलीकडं गेल्या आणि तिमाच्या समोर बसून खुंटा धरला.

त्यांच्या मागून त्यांची सून. मग कुंभारीण. मग दोघी जावा, ज्या सहा महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या, त्या एकच जातं दोन्हीकडून धरून आल्या. दुपार कलेपर्यंत वाळूत वीस जाती घरघरत होती. हाडांवर पीठ उडत होतं, बायकांच्या केसांवर, भुवयांवर पीठ. ओव्यांना ओव्या लागल्या. नवऱ्यांची नावं घेऊन खोड्या निघाल्या, त्या मी तुम्हाला सांगणार नाही. अलीकडच्या काठावर पुरुष बसलेले, आणि म्हणतात की पोरं बापांना विचारू लागली, आपण इकडं का?

दिवस मावळला. राक्षस उठला नाही. हाडं होती तिथंच, फक्त पांढरी झाली होती.

तिथंच तीन दगड मांडून भाकऱ्या थापल्या. तोवर पुरुषही पाणी ओलांडून आले, पण हाडांपाशी भाजलेली पहिली भाकरी कुणी खायची म्हणून सगळे थबकले. गोजराबाईंनी ती भुजंगबुवांच्या हातावर ठेवली. गरम होती. बुवांनी भाकरीकडं बघितलं, बायकांकडं बघितलं. एवढ्या पिठमाखल्या बायका आणि एकीच्याही चेहऱ्यावर दया नाही. त्यांनी खाल्ली. मग दुसरी मागितली. बुवा वाईट होते असं मी म्हणत नाही, लांबून बघत होते एवढंच.

गाड्या सुटल्या. अंबाजी पाटलांनी दुसऱ्या दिवशी स्वतः हातानं मोजून आठ हात जागा दिली, इथंच, नदीवर नजर राहील अशी. अख्ख्या गावानं मिळून चार दिवसांत छप्पर उभं केलं. यंका पलीकडून येऊन चुलीचा दगड घडवून गेला, आणि टाकी अशी सरळ लावली की बघत राहावं. महिन्याभरानं तिमाला मुलगी झाली. कोरड्या जागेत, गोजराबाईंच्या मांडीवर. ती जगली. तिच्या लेकीसुना गावभर पसरल्या. माझी आजी त्यातलीच, पण त्याचा मोठेपणा मी सांगत नाही.

तिमाला एक गोष्ट मरेपर्यंत टोचत राहिली. त्या दाढेची जागा. दाढ होती तर जबडा जवळपास असणार, आणि तो तिच्या रागानं हरवला. म्हणून तिनं गावच्या बायकांना नियम घालून दिला आणि तो कुणी मोडत नाही. पात्रात काही वेगळं दिसलं की उचलायचं नाही. आधी पिठाचं रिंगण. भोवती पिठाची रेघ ओढली, जागा पक्की झाली, मगच हातात घ्यायचं. रेघा वर आहेत की आरपार, ते बघायचं. वाजवायचं. मग जीभ. सगळंच जिभेला धरत नाही, फार जुनं झालेलं धरत नाही, तेव्हा पुन्हा पोत बघायचा, हाडाला जाळी असते, दगडाला नसते. आणि मग होतं तिथंच, तसंच ठेवायचं. दरडीला पहार लावायची नाही. नदी देईल तेवढंच आपलं.

आता असली जुनी हाडं बघायला कॉलेजची माणसं येतात. पहिल्यांदा आली तेव्हा पात्रभर पिठाची रिंगणं बघून डोक्याला हात लावून बसली. आता पावसाळा संपला की आधी आमच्या बायकांना फोन करतात, मावशी, यंदा किती रिंगणं? वाळूवाले ट्रॅक्टर घेऊन येतात, त्यांना आम्ही फोन करत नाही. रिंगणात उभ्या राहतो. एकदा एकानं पिठावर चाक घातलं. पुढं काय झालं ते त्यालाच विचारा, त्यानं पुन्हा या नदीत ट्रॅक्टर आणलेला नाही.

जबडा अजून सापडलेला नाही. म्हणून दर वर्षी शोध. म्हणून त्या जिभा.

आणि ते छप्पर बघा, तिकडं, शिळेच्या मागं. कौलं नवी आहेत, जागा तीच, आठ हात. ती कुणाच्या नावावर नाही. फिरतीवरची कुणीही बाई, ऊसतोडीची असो, मेंढरांमागची असो, दिवस भरत आले की तिनं गावात येऊन फक्त विचारायचं, जागा आहे का? आहे. दाई, चूल, पीठ, सगळं गावाचं. मागच्या माघात एक ऊसतोडीची पोर आली, विसाव्या वर्षाची, घाबरलेली. इथंच मोकळी झाली. मुलगी झाली.

आजही बाराव्या दिवशी अशा बाळाला आम्ही या शिळेपाशी आणतो. तोंडात एक दात नसतो, आणि समोर एवढी मोठी दाढ. दाढेची फुटकी बाजू त्याच्या ओठांना हलकेच टेकवतो. ते एवढंसं ओलं तोंड क्षणभर चिकटतं, बाळ डोळे मोठे करतं, रडावं की नाही ते त्याला कळत नाही. आणि सगळ्या बायका एकदम ओरडतात, "धरली गं, धरली!"

त्या ऊसतोडीच्या पोरीनं विचारलं होतं, कुणी धरली? तिला सांगितलं तेच तुम्हाला सांगते. या जागेनं. आता उठा, पात्रात तो वेगळा दगड दिसतोय, तिकडं चला. आधी पीठ, मग जीभ.